हवामान संशोधनात मशीन लर्निंग: मॉडेलच्या आधी नकाशा बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वातावरणशास्त्रात पीएचडीला नुकताच प्रवेश मिळालाय. गाईडनी ‘मशीन लर्निंग वापरून पावसाच्या अंदाजावर काम करा’ असं सुचवलंय. पायथन बऱ्यापैकी येतं, विभागात एकच जीपीयू (मॉडेल शिकवायला लागणारी वेगवान चिप) आहे. कोणतं मॉडेल घ्यावं, सुरुवात कुठून करावी आणि डेटा व्हिज्युअलायझेशनला किती वेळ द्यावा?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्या दोघांची उत्तरं त्यातूनच निघतात. निम्मा वेळ द्या. आलेख आणि नकाशे म्हणजे प्रबंध लिहून झाल्यावर करायची सजावट, असा समज आपल्या विभागांमध्ये घट्ट बसलाय आणि त्यातून फार नुकसान होतं. हवामानाच्या डेटात चूक कुठे आहे, मॉडेल कशावर शिकलंय, आकडा चांगला येऊनही अंदाज निरुपयोगी का आहे, हे सगळं आधी डोळ्यांना दिसतं आणि मग गणितात सापडतं. नकाशा हे तपासणीचं हत्यार आहे, आणि ते पहिल्या दिवसापासून हातात हवं.

आधी प्रश्न कोणता निवडायचा ते बघू. ‘पावसाचा अंदाज’ हा प्रश्न नाही, ते क्षेत्र आहे. जागतिक अंदाज देणारी मोठी मॉडेलं आता मोठ्या कंपन्या आणि मोठी केंद्रं बनवतात. डीपमाइंडचं ‘ग्राफकास्ट’ ३२ टीपीयूंवर (गूगलच्या अशाच चिप्सवर) सुमारे चार आठवडे शिकत होतं. हुआवेच्या ‘पांगू-वेदर’ला १९२ जीपीयू लागले. दोन्हींचे निबंध २०२३ साली अनुक्रमे ‘सायन्स’ आणि ‘नेचर’मध्ये आले. युरोपीय मध्यम-मुदत अंदाज केंद्रानं २०२५ च्या सुरुवातीला स्वतःचं एआय मॉडेल रोजच्या कामकाजात आणलं. एका जीपीयूवर यांच्याशी स्पर्धा करायला जाऊ नका, त्यात वर्षं जातील.

पण एक गोष्ट विद्यापीठाच्या बाजूनं आहे. यांतल्या बऱ्याच मॉडेलांचे शिकवून तयार झालेले वेट्स (शिकताना मॉडेलमध्ये ठरलेले आकडे) संशोधनासाठी उपलब्ध आहेत आणि शिकलेलं मॉडेल चालवणं फार स्वस्त आहे. दहा दिवसांचा जागतिक अंदाज एका टीपीयूवर मिनिटभरात निघतो. म्हणजे मॉडेल बनवणं तुमच्या आवाक्यात नसलं तरी त्याला कोंडीत पकडणारे प्रश्न विचारणं नक्कीच आहे. झेल्ट्झ आणि क्रेग या संशोधकांनी २०२३ मध्ये नेमकं हेच केलं: सुरुवातीच्या स्थितीत अगदी बारीक फरक टाकला तर पांगू-वेदरमध्ये तो फरक खऱ्या वातावरणासारखा झपाट्यानं वाढतो का, हे तपासलं. वाढत नाही असं आढळलं. अशा कामाला अवाढव्य संगणक लागत नाही. वातावरण कळणारा माणूस लागतो, आणि तो विद्यापीठात असतो.

दुसरी चांगली दिशा म्हणजे अंदाजांचं उत्तर-संस्करण: संख्यात्मक मॉडेलनं (वातावरणाची भौतिक समीकरणं सोडवणाऱ्या मॉडेलनं) दिलेला अंदाज घ्यायचा आणि एखाद्या केंद्रावरच्या खऱ्या निरीक्षणांशी जुळवून त्याच्या ठरावीक चुका काढून टाकायच्या. हे नवं नाही. ग्लान आणि लोरी यांनी साध्या रिग्रेशननं ‘मॉडेल आउटपुट स्टॅटिस्टिक्स’ ही पद्धत १९७२ मध्ये मांडली. २०१८ मध्ये रास्प आणि लेर्च यांनी जर्मनीतल्या केंद्रांच्या तापमानासाठी त्याच जागी छोटं न्यूरल नेटवर्क वापरून दाखवलं. इथे डेटा आटोपशीर असतो, एक जीपीयू पुरून उरतो आणि सुधारणा झाली की नाही हे स्पष्ट कळतं. पहिलं वर्ष यात घालवलंत तर मी त्याला चांगलं वर्ष म्हणेन.

आता डेटा. बहुतेक जण ईआरए-५ (जुनी निरीक्षणं आणि मॉडेल जुळवून केलेला जागतिक हवामान-संच) पासून सुरू करतात आणि ते योग्यच आहे: १९४० पासून आजपर्यंत, ताशी, पाव अंशाच्या जाळीवर. पण आकाराचा अंदाज आधी घ्या. पाव अंशाची जागतिक जाळी म्हणजे ७२१ गुणिले १४४०, दहा लाखांहून जास्त बिंदू. एकच चल (तापमान किंवा वारा अशी एक राशी), एकच पातळी (उंची), एकच वर्ष, ताशी नोंदी आणि प्रत्येक आकड्याला चार बाइट धरले तरी सुमारे ३६ जीबी होतात. पाच चलं, तेरा पातळ्या, चाळीस वर्षं अशी यादी करून डाउनलोड लावणारे विद्यार्थी महिनोन्‌महिने डिस्कच रिकामी करत बसतात. त्याऐवजी ‘वेदरबेंच’ या तयार चाचणी-संचातला ५.६२५ अंशांचा डेटा घ्या. त्यात ३२ गुणिले ६४ इतकीच जाळी असते, म्हणजे तेच एक चल वर्षाला सत्तरेक एमबीत बसतं. सगळी साखळी, म्हणजे वाचन, शिकवणं, पडताळणी आणि नकाशे, आधी या खेळण्याएवढ्या डेटावर उभी करा. ती नीट चालली की मगच तुमच्या प्रदेशापुरता बारीक डेटा आणा.

ईआरए-५ उघडल्यावर काही ठिकाणी ठेच लागतेच. अक्षांश ९० पासून उणे ९० कडे उतरत जातात, त्यामुळे एक्सॲरे या पायथन लायब्ररीमध्ये १० ते ३० असा तुकडा मागितला तर कुठलीही एरर न येता रिकामा संच हातात पडतो. ३० ते १० असा मागावा लागतो. रेखांश ० ते ३६० मध्ये असू शकतात, तर तुमच्या केंद्रांची यादी उणे १८० ते १८० मध्ये. पाऊस मिलिमीटरमध्ये नसून मीटरमध्ये असतो. ताशी पावसाचा आकडा त्या वेळेला संपणाऱ्या तासाचा असतो, म्हणून मध्यरात्रीच्या शिक्क्याचा पाऊस आदल्या दिवसाचा धरायचा. वाऱ्याची दिशा अंशांमध्ये ठेवून सरासरी काढू नका: ३५० आणि १० यांची सरासरी १८० येते आणि उत्तरेचा वारा दक्षिणेचा होतो. यू आणि व्ही घटकांवरच (वाऱ्याच्या पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण भागांवरच) काम करा.

यापेक्षा खोलवरची एक गोष्ट आहे आणि ती अनेक प्रबंधांत सुटलेली दिसते. ईआरए-५ चा पाऊस हा त्याच प्रणालीतल्या मॉडेलच्या अल्पमुदतीच्या अंदाजातून आलेला असतो. तापमान, वारा, दाब यांना निरीक्षणांचा जसा थेट आधार असतो तसा त्याला बहुतेक ठिकाणी नसतो. त्यालाच ‘सत्य’ मानून नेटवर्क शिकवलंत तर ते मॉडेलचा पाऊस शिकेल, आकाशातला नाही. पावसासाठी पर्जन्यमापक, रडार किंवा उपग्रहाचा संच लक्ष्य म्हणून घ्या आणि ईआरए-५ मधून वारा, आर्द्रता, उंची ही इनपुट घ्या. तसंच १९७९ च्या आसपास उपग्रहांची निरीक्षणं मोठ्या प्रमाणावर येऊ लागली, त्याआधीचा आणि नंतरचा डेटा एकाच दर्जाचा नाही. दक्षिण गोलार्धातल्या समुद्रावर हा फरक जास्त आहे. १९४० पासूनची सगळी वर्षं उपलब्ध आहेत म्हणून ती सगळी ट्रेनिंगमध्ये घालायचीच, असं नाही.

आता नकाशानं काय साधतं त्याचं एक उदाहरण. आमच्याकडे एक विद्यार्थिनी केंद्रवार दैनंदिन पावसावर काम करत होती. एकूण स्कोअर बरा होता, पण नेटवर्क कितीही बदललं तरी तो पुढे सरकत नव्हता. लेअर वाढवून झाले, लर्निंग रेट बदलून झाला. मी तिला म्हटलं, मॉडेल बाजूला ठेव आणि प्रत्येक केंद्राची सरासरी चूक नकाशावर ठिपक्यांनी काढ. नकाशा आला तर चुका विखुरलेल्या नव्हत्या. काही केंद्रांचा एक सलग पट्टा गडद होता आणि त्याच्या बाहेर चूक एकदम कमी. हवामान असं रेघ मारल्यासारखं बदलत नाही. मग त्या पट्ट्यातलं एक केंद्र घेऊन साठ दिवसांची निरीक्षणं आणि अंदाज एकावर एक काढले. दोन्ही रेषांचे उंचवटे सारखेच होते, फक्त एक दिवस सरकलेले. त्या केंद्रांच्या नोंदींत चोवीस तासांच्या पावसावर मोजणी सुरू झालेल्या दिवसाची तारीख होती आणि बाकी केंद्रांवर मोजणी संपलेल्या दिवसाची. तारीख एक दिवस हलवली आणि आठवडे अडलेलं काम मोकळं झालं. सगळ्या केंद्रांची मिळून सरासरी चूक दाखवणारा एक आकडा हे कधीच सांगू शकला नसता. म्हणून माझ्या गटात नियम आहे: पहिलं मॉडेल चालवण्याआधी प्रत्येक चलाचा सरासरी नकाशा, गहाळ नोंदींचा नकाशा, हिस्टोग्राम आणि निदान चार-पाच केंद्रांची कच्ची कालमालिका भिंतीवर लागली पाहिजे.

यानंतर येते डेटाची विभागणी आणि इथे सर्वांत जास्त निबंध फसतात. मशीन लर्निंगच्या पाठ्यपुस्तकात शिकवतात तशी यादृच्छिक ८०-२० विभागणी हवामानात करायची नाही. आज सकाळी दहाची स्थिती ट्रेनिंगमध्ये आणि अकराची टेस्टमध्ये गेली तर मॉडेलला उत्तरपत्रिकाच दिल्यासारखं होतं. आकडा सुरेख येतो आणि पुढच्या वर्षीच्या डेटावर कोसळतो. नेहमी सलग वर्षांनी तुकडे पाडा. ग्राफकास्टनं १९७९ ते २०१७ वर मॉडेल घडवलं आणि २०१८ वर तपासलं, तसं. दोन तुकड्यांच्या सीमेवर काही दिवसांची मोकळी जागा सोडा. सगळी चलं एका मापात आणण्यासाठीची (नॉर्मलायझेशनची) सरासरी आणि प्रमाण विचलन फक्त ट्रेनिंगच्या वर्षांवरून काढा, आणि ज्या हवामान-सरासरीशी तुलना करणार तीही. केंद्रांवर काम असेल तर एखादा अख्खा प्रदेश बाजूला ठेवून बघा, शेजारचं केंद्र ट्रेनिंगमध्ये असणं हीसुद्धा गळतीच (टेस्टची माहिती ट्रेनिंगमध्ये झिरपणं) आहे.

शेजारच्या वेळांच्या आणि जागांच्या नोंदी अशा एकमेकींशी बांधलेल्या असतात; याच सहसंबंधामुळे नमुने दिसतात तितके नसतात. लागोपाठच्या नोंदींमधला सहसंबंध ०.९ असेल आणि साधी प्रथम-क्रम स्वसहसंबंधी प्रक्रिया (प्रत्येक नोंद फक्त तिच्या आधीच्या नोंदीवर अवलंबून) धरली तर एक हजार नोंदींचं खरं वजन सुमारे ५३ स्वतंत्र नोंदींइतकं भरतं. ‘आमच्याकडे साडेतीन लाख तासांचा डेटा आहे’ हे वाक्य वाचलं की मी लगेच विचारतो, त्यात मोठ्या वादळाच्या घटना किती? बहुतेक वेळा उत्तर डझनांत येतं. मॉडेल किती मोठं घ्यायचं हे त्या डझनांवरून ठरवा, लाखांवरून नाही.

मूल्यमापनाबद्दल प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी १८८४ ची गोष्ट सांगतो. अमेरिकी लष्कराच्या सिग्नल विभागातल्या जॉन फिनली यांनी टॉर्नेडोचे प्रायोगिक अंदाज दिले. एकूण २८०३ अंदाज. त्यांत १०० वेळा ‘टॉर्नेडो होईल’ म्हटलं, २८ वेळा झाला. न सांगता झालेले २३. बाकी २६८० वेळा ‘होणार नाही’ म्हटलं आणि झाला नाही. अचूकता ९६.६ टक्के भरली. लगेच आक्षेप आला की रोज डोळे मिटून ‘होणार नाही’ म्हटलं असतं तर ९८.२ टक्के मिळाले असते. त्याच वर्षी भूशास्त्रज्ञ जी. के. गिल्बर्ट यांनी ‘काहीच घडलं नाही’चे सोपे गुण वगळून मोजायची पद्धत सुचवली. आज तिला क्रिटिकल सक्सेस इंडेक्स म्हणतात, आणि फिनलींच्या तक्त्यात ती १२३ पैकी २८, म्हणजे ०.२३ येते. आजही अतिवृष्टीवरच्या निबंधांत ‘अचूकता ९७ टक्के’ असं ठळक लिहिलेलं दिसतं. दुर्मीळ घटनेसाठी अचूकता हा आकडा वापरूच नका. आणि फिनलींबद्दल एवढं नक्की म्हणेन की त्यांनी पूर्ण तक्ता छापला, म्हणून जवळपास दीडशे वर्षांनंतर आपल्याला त्यातून शिकता येतं. तुमचाही तक्ता पूर्ण छापा.

पावसाच्या नकाशाबाबत आणखी एक अडचण आहे. चुकांच्या वर्गांची (स्क्वेअरची) सरासरी कमी करायला शिकवलेलं नेटवर्क अनिश्चितता वाढली की सगळं पुसट करतं. पावसाचा पट्टा नक्की कुठे असेल ते ठाऊक नाही, मग सगळीकडे थोडा थोडा टाकला की सरासरी चूक कमी होते. उलट ज्या मॉडेलनं पट्टा अगदी खरा काढला पण तीस किलोमीटर बाजूला, त्याला दोनदा शिक्षा होते: जिथे पडला नाही तिथे दाखवला म्हणून आणि जिथे पडला तिथे दाखवला नाही म्हणून. त्यामुळे धूसर मॉडेल कागदावर जिंकतं आणि पुराचा इशारा देणाऱ्याला मात्र त्याचा उपयोग नसतो. यासाठी रॉबर्ट्स आणि लीन यांचा २००८ चा फ्रॅक्शन्स स्किल स्कोअर घ्या. तो बिंदूऐवजी आजूबाजूच्या चौकोनात पावसानं व्यापलेला भाग तपासतो, आणि चौकोन मोठा करत गेलं की अंदाज कोणत्या अंतरापासून पुढे भरवशाचा आहे ते कळतं. सोबत ऊर्जेचा वर्णपट (कोणत्या लांबीच्या लाटांत किती चढउतार आहेत ते दाखवणारा आलेख) काढा. अंदाजाची रेषा लहान तरंगलांबींकडे निरीक्षणाच्या खाली घसरली तर तपशील कुठून गायब झाला ते एका आलेखात दिसतं. चक्रीवादळात हेच होतं: ही एआय मॉडेलं मार्ग छान देतात, तीव्रता कमी दाखवतात.

संभाव्यता देणारं मॉडेल असेल तर ब्रायर स्कोअरबरोबर (सांगितलेली संभाव्यता प्रत्यक्षापासून किती दूर होती ते मोजणाऱ्या आकड्याबरोबर) विश्वासार्हता-आलेख काढाच. तुम्ही ७० टक्के म्हटलं त्या सगळ्या दिवसांपैकी खरंच ७० टक्के दिवशी पाऊस पडला का, एवढंच तो विचारतो. प्रत्येक गटात किती दिवस आहेत तेही खाली दाखवा, कारण वरच्या टोकाला तीन-चारच दिवस असतील तर त्या टोकाचा बिंदू काहीच सिद्ध करत नाही.

नकाशांच्या कारागिरीबद्दल माझी मतं कडक आहेत. इंद्रधनुषी रंगपट्टी काढून टाका. तिच्यात पिवळ्याजवळ उजळपणा एकदम उसळतो आणि डेटात नसलेली सीमा डोळ्याला दिसते; लाल-हिरवा फरक न ओळखता येणाऱ्यांना तर ती वाचताच येत नाही. मॅटप्लॉटलिबनं २.० आवृत्तीपासून व्हिरिडिस ही पट्टी मूळ म्हणून ठेवली ती याचसाठी. फरकाचा किंवा विसंगतीचा (नेहमीच्या सरासरीपासून किती दूर ते दाखवणारा) नकाशा असेल तर दोन बाजूंना जाणारी पट्टी घ्या आणि शून्य बरोबर मध्यावर बांधा. हे आपोआप होत नाही, हातानं करावं लागतं. पावसासाठी पायऱ्या असमान ठेवा, नाहीतर एका अतिवृष्टीच्या ठिपक्यापुढे उरलेला नकाशा पांढरा दिसतो. निरीक्षण, तुमचा अंदाज आणि तुलनेचं मॉडेल शेजारी ठेवताना तिघांना एकच मोजपट्टी द्या. प्रत्येकाची पट्टी वेगळी असलेल्या चित्रांवर मी परीक्षक म्हणून कधीच विश्वास ठेवत नाही.

जाळीच्या चौकोनांचं क्षेत्रफळ सारखं नसतं हेही विसरू नका. ६० अंश अक्षांशावर चौकोन विषुववृत्तावरच्या निम्मा असतो. सरासरी काढताना अक्षांशाच्या कोसाइनचं वजन द्यायचं, लॉस फंक्शनमध्येही (शिकताना मॉडेल जी चूक कमी करतं तिच्या सूत्रात). केंद्रांच्या नोंदींवरून सलग रंगीत पृष्ठभाग काढण्याचा मोह टाळा, केंद्रं विरळ असतील तर तिथे रंग भरणं म्हणजे न केलेलं मोजमाप दाखवणं. ठिपके ठेवा, वाचक समजून घेतो. आणि होव्हमोलर आलेख शिका. एका अक्षावर रेखांश, दुसऱ्यावर काळ. १९४९ पासूनची युक्ती आहे, पण लाटा पुढे सरकताहेत की जागीच विरताहेत हे त्याच्याइतकं पटकन काहीच सांगत नाही. तुमच्या मॉडेलचा आणि निरीक्षणांचा होव्हमोलर शेजारी ठेवला तर तिरप्या पट्ट्यांच्या उतारावरून वेगातली चूक थेट मोजता येते.

मॉडेल कोणतं, हा तुमचा पहिला प्रश्न आता आटोपशीर झालाय. पायरीनं चढा. कालचंच आज होईल हा सातत्याचा अंदाज, मग हवामान-सरासरी, मग रेषीय रिग्रेशन, मग रँडम फॉरेस्ट किंवा ग्रेडियंट बूस्टिंग (अनेक निर्णय-वृक्ष एकत्र वापरणाऱ्या पद्धती). बऱ्याच वेळा केंद्रांच्या कामात गाडी इथेच थांबते आणि थांबलेली चांगली. नकाशातून नकाशा काढायचा असेल तर यू-नेट हे न्यूरल नेटवर्क, रडारच्या लागोपाठच्या चित्रांवरून पुढचे एक-दोन तास सांगायचे असतील तर कन्व्ह-एलएसटीएमसारखं काही. ते २०१५ मध्ये नेमकं याच कामासाठी मांडलं गेलं होतं. प्रत्येक पायरीवर मागच्या पायरीपेक्षा किती मिळालं तेच लिहा. सातत्याच्या अंदाजाला न हरवणारं नेटवर्क कितीही खोल असलं तरी प्रबंधात त्याची जागा ‘चाललं नाही’ या प्रकरणात आहे, आणि ते प्रकरणही लिहिण्यासारखं असतं.

मॉडेलनं काय पाहून निर्णय घेतला हे दाखवणारे नकाशे सध्या फार लोकप्रिय आहेत. जपून वापरा. आर्द्रता आणि तापमान एकमेकांशी बांधलेली असतात, तेव्हा महत्त्व कोणाच्या नावावर पडेल हे बरंचसं नशिबावर असतं. तेच मॉडेल वेगवेगळ्या यादृच्छिक बीजांनी (शिकण्याची सुरुवात ठरवणाऱ्या आकड्यांनी) शिकवा, चित्र प्रत्येक वेळी सारखं आलं तरच त्यावर बोला.

पायथनच्या साधनांत एक्सॲरे, डास्क, कार्टोपाय आणि मेटपाय एवढी पुरतात. एक सवय मात्र सुरुवातीपासून लावा: प्रबंधातल्या प्रत्येक आकृतीसाठी एकच स्वतंत्र स्क्रिप्ट, जी साठवलेल्या अंदाजाच्या नेटसीडीएफ फाइलपासून थेट चित्रापर्यंत जाते. मध्ये कुठेही हातानं काही करायचं नाही. फाइलच्या माहितीत मॉडेलची आवृत्ती, बीज आणि ट्रेनिंगची वर्षं लिहून ठेवा. परीक्षकांनी ‘हाच नकाशा फक्त पावसाळ्याच्या महिन्यांसाठी दाखवा’ म्हटलं, आणि ते म्हणतातच, तर एक ओळ बदलून तासाभरात तो देता आला पाहिजे.